राखणदार घरावर उलटतो तेव्हा

दिवसभर नांगर हाकला की माणूस थकतो. भाताच्या लावणीत वाकून वाकून बायकांची कंबर मोडते. रात्री दोन घास पोटात जातात, पाठ टेकते, डोळा लागतो. सकाळी अंग पुन्हा कामाला उभे राहते. हा कष्टाचा थकवा. झोप हेच त्याचे औषध.

पण एक थकवा असा आहे की तो झोपेने जात नाही. माणूस रात्रभर झोपतो आणि सकाळी उठतो तो रात्रभर ओझी वाहिल्यासारखा. महिने जातात, वर्षे जातात, थकवा काही उतरत नाही. रक्त तपासले तर त्यात काही सापडत नाही. मग घरचे म्हणतात, "नाटक करते." शेजारी म्हणतात, "अंगचोर आहे." कोणी म्हणते, "बाहेरचं काहीतरी लागलं आहे."

मंडळी, हा खरा आजार आहे. जगभर लाखो माणसांना तो झालेला आहे. डॉक्टर लोक त्याला 'क्रॉनिक फटीग सिंड्रोम' म्हणतात. म्हणजे दीर्घ थकव्याचा आजार. त्याचे दुसरे नाव फार लांबलचक आहे, म्हणून ते तोडून 'एम. ई.' एवढेच म्हणतात. आपणही इथे एम. ई. म्हणू.

या पाठात आपण चार गोष्टी पाहू. हा आजार ओळखायचा कसा? तो होतो कशाने? अंगातला राखणदारच अंगावर उलटतो असे काही डॉक्टरांना वाटते, ते कितपत खरे? आणि रोगी बरा होतो का?

आधी दुसरी कारणे तपासा

थकवा आला म्हणजे हाच आजार झाला असे समजू नका. थकव्याची कारणे पुष्कळ आहेत. अंगात रक्त कमी असले की थकवा येतो. क्षयरोगात येतो. मधुमेहात येतो. गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असते. तिचे काम मंदावले तरी येतो. या सर्वांवर औषधे आहेत. म्हणून पहिली पायरी ही की प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. रक्त तपासावे, साखर तपासावी. खोकला असेल तर थुंकी तपासावी. थकवा म्हणून क्षय अंगावर काढला तर जीव जातो.

काही थकव्यांचे मूळ घरात असते. गोव्यात १८ ते ५० वयाच्या बायकांची एक पाहणी झाली. तिची हकीकत २००५ साली छापून आली. २,४९४ बायकांना विचारले. १०० पैकी १२ जणींनी सांगितले की सहा महिने किंवा जास्त दिवस थकवा जात नाही. या बायका कोण होत्या? ज्यांच्या घरावर कर्ज होते, ज्यांना उपाशी राहावे लागले होते, ज्यांना नवऱ्याचा जुलूम सोसावा लागत होता, ज्यांचे मन खचले होते, अशा बायकांत हा थकवा जास्त दिसला. हाही थकवा खराच, बरं का. पण त्याचे औषध वेगळे. पोटभर अन्न, मनाला आधार आणि जुलूम थांबणे, हे ते औषध.

ही सगळी कारणे तपासून बाजूला सारली, तरी थकवा उरला, तर मग एम. ई. चा विचार करायचा.

हा आजार ओळखायचा कसा?

या आजाराला रक्ताची अशी एकही तपासणी नाही की जी 'हो' किंवा 'नाही' सांगेल. डॉक्टर तो खुणांवरून ओळखतात. २०१५ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या एका मोठ्या समितीने या खुणा ठरवून दिल्या.

पहिली खूण. माणूस पूर्वी जेवढे काम करी, तेवढे आता त्याला मुळीच होत नाही. असे सहा महिन्यांहून जास्त दिवस चालते. विश्रांती घेऊनही फरक पडत नाही.

दुसरी खूण. थोडे श्रम केले की तो नंतर कोसळतो.

तिसरी खूण. झोपेने ताजेपणा येत नाही.

या तिन्ही खुणा असाव्या लागतात. शिवाय आणखी दोन खुणा आहेत, त्यांतली एक तरी असावी लागते. एक म्हणजे डोके चालेनासे होते. बोलताना शब्द आठवत नाही, हिशेब जमत नाही. दुसरी म्हणजे उभे राहिले की घेरी येते, छाती धडधडते, आडवे झाले की बरे वाटते.

यातली श्रमानंतर कोसळण्याची खूण सर्वांत महत्त्वाची. ती नीट समजून घ्या. समजा, अशा एका बाईला सोमवारी बरे वाटले. तिने हौसेने घर सारवले, धुणे धुतले. सोमवारी काही झाले नाही. मंगळवारी दुपारी मात्र तिला अंथरुणातून उठवेना. घसा दुखू लागला, अंग ठणकू लागले, उजेड सोसवेना. हे चार दिवस चालले, कधी चार आठवडेही चालते. काम सोमवारी, शिक्षा मंगळवारी. मधे दिवस गेल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही की हे त्या कामाचेच फळ.

शास्त्रज्ञांनी याची परीक्षा केली आहे. रोग्याला एका जागी बसवलेल्या सायकलवर पायडल मारायला लावतात. तोंडाला नळी लावून त्याचा श्वास मोजतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करतात. निरोगी माणूस दुसऱ्या दिवशीही जवळजवळ तेवढेच काम करतो. एम. ई. च्या बऱ्याच रोग्यांचे काम दुसऱ्या दिवशी घसरते. श्वासाच्या मापावरून कळते की ते अंगचोरपणा करत नाहीत. त्यांच्या अंगातली ताकद खरोखरच कमी पडते.

लंडनच्या रुग्णालयात काय झाले?

हा आजार नवा नाही. लंडन शहरात रॉयल फ्री नावाचे मोठे रुग्णालय आहे. १९५५ सालच्या जुलै महिन्यात तिथले डॉक्टर, नर्स आणि कामगार एकामागून एक आजारी पडू लागले. घसा दुखे. मानेच्या गाठी सुजत. डोके दुखे. हातापायांतले बळ जाई. पाहता पाहता २९२ जण आजारी झाले. शेवटी रुग्णालय दोन महिन्यांहून जास्त काळ बंद ठेवावे लागले. पुष्कळ जण हळूहळू बरे झाले. काही जणांचा आजार मात्र वर्षानुवर्षे राहिला.

तिथले एक डॉक्टर होते, मेल्विन रॅम्से. त्यांनी हे रोगी स्वतः पाहिले होते. हा शरीराचा आजार आहे असे ते शेवटपर्यंत सांगत राहिले. पण १९७० साली दोन मानसतज्ज्ञांनी लिहिले की हा एकीचे पाहून दुसरीला होणारा मनाचा उन्माद होता. त्यांनी त्या रोग्यांना तपासले नव्हते. जुने कागद वाचून त्यांनी हे ठरवले. आजारी पडलेल्यांत बायका जास्त, हेही त्यांनी आपल्या बाजूचे कारण म्हणून दिले.

जागतिक आरोग्य संघटनेने १९६९ सालीच हा आजार मज्जासंस्थेच्या, म्हणजे मेंदू आणि नसांच्या आजारांत नोंदला होता. तरीही पुढे कितीतरी वर्षे 'हे मनाचे खेळ' असेच पुष्कळ डॉक्टर म्हणत राहिले. रोग्यांना आजारही सोसावा लागला आणि बोलणीही खावी लागली.

अंगातला राखणदार

आता हा आजार होतो कशाने ते पाहू. त्याआधी आपल्या अंगातल्या राखणदाराची ओळख करून घेऊ.

शेताला राखणदार असतो. तो माळ्यावर बसून पाखरे हाकलतो, रानडुकरे हाकलतो. आपल्या शरीरालाही असाच राखणदार आहे. त्याला रोगप्रतिकारशक्ती म्हणतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी ही त्याची फौज. बाहेरचा जंतू अंगात शिरला की ही फौज त्याला ओळखते. मग काही पेशी त्या जंतूसाठी खास बाण तयार करतात. या बाणांना प्रतिपिंडे म्हणतात. बाण जंतूला जाऊन चिकटतो आणि जंतू मरतो. गोवराच्या जंतूचा बाण वेगळा, घटसर्पाचा वेगळा.

लहान मुलाला गोवराची लस टोचतात. म्हणजे काय करतात? राखणदाराला चोराचा चेहरा आधीच दाखवून ठेवतात. मग खरा चोर आला की बाण तयारच असतात.

या राखणदाराला एक गोष्ट नीट यावी लागते. आपले कोण आणि परके कोण, हे ओळखता यावे लागते. शंभरदा त्याला ते येते. पण कधी कधी तो चुकतो. आपल्याच अंगाला परके समजतो आणि त्यावर बाण सोडतो. कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागायची, असे आपण म्हणतो ना? तशीच ही गत. डॉक्टर लोक याला 'ऑटोइम्यून' आजार म्हणतात.

असे आजार आपल्या ओळखीचे आहेत. अंगावर कोड येते, तेव्हा राखणदाराने कातडीला रंग देणाऱ्या पेशी मारलेल्या असतात. म्हणून कोड कोणाला लागत नाही, हे ध्यानात ठेवा. लहान मुलांना इन्शुलिन टोचावे लागते असा मधुमेह होतो, तेव्हा राखणदाराने स्वादुपिंडातल्या इन्शुलिन करणाऱ्या पेशी मारलेल्या असतात. हातापायांचे सांधे सुजून बोटे वाकडी होतात, त्या आमवातातही हाच प्रकार.

राखणदार चुकतो कशाने? कधी कधी जंतूचा चेहरा आपल्या अंगातल्या एखाद्या भागासारखा असतो. एका जातीच्या जंतूने मुलांचा घसा येतो. घसा बरा होतो. पण त्या जंतूसाठी केलेले बाण पुढे काही मुलांच्या सांध्यांना आणि हृदयाच्या झडपांना लागतात. चोर पळून जातो आणि मार घरच्या माणसाला बसतो.

एम. ई. मध्ये राखणदारावर संशय का?

आता एम. ई. कडे वळू. या आजारात राखणदारावर संशय येण्याची काही कारणे आहेत.

पहिले कारण. हा आजार पुष्कळदा एखाद्या तापानंतर सुरू होतो. ऑस्ट्रेलियात डब्बो नावाचे गाव आहे. तिथे तीन वेगवेगळ्या जंतूंनी आजारी पडलेल्या २५३ लोकांवर नजर ठेवली. २००६ साली त्याची हकीकत प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनंतरही १०० पैकी १२ जणांचा थकवा गेला नव्हता. जंतू कोणताही असो, प्रमाण सारखेच होते. आणि ज्यांचा पहिला ताप जोराचा, त्यांनाच हा त्रास जास्त. मनाने कोण कसा, यावर ते अवलंबून नव्हते. २०२० साली कोविडची साथ आली. तिच्यानंतरही काही लोकांना अगदी असाच आजार जडला.

दुसरे कारण. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो. राखणदार उलटण्याचे बहुतेक आजारही बायकांनाच जास्त होतात.

तिसरे कारण. जर्मनीतल्या बर्लिन शहरात शारिते नावाचे जुने रुग्णालय आहे. तिथल्या डॉक्टर कार्मेन शाइबेनबोगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली सांगितले की काही रोग्यांच्या रक्तात आपल्याच अंगावर रोखलेले बाण जास्त आहेत. हे बाण कुठे लागतात? आपल्या पेशींवर बारीक कड्या असतात. नाडी जलद चालू दे, रक्तवाहिनी रुंद होऊ दे, असे निरोप या कड्यांना येऊन पोहोचतात. त्या कड्यांवरच हे बाण बसतात, असे त्यांचे म्हणणे. निरोप बिघडला की उभे राहिल्यावर घेरी येणे, स्नायूंना रक्त कमी पडणे, हे सर्व होऊ शकते.

संशय आला म्हणजे गुन्हा शाबीत होत नाही

गावात चोरी झाली आणि एकावर संशय आला, तर तेवढ्यावरून पंच त्याला चोर ठरवत नाहीत. पुरावा मागतात. शास्त्राचेही तसेच आहे. राखणदार दोषी ठरवायचा तर तीन पुरावे लागतात. रोग्याच्या रक्तात ते बाण सापडले पाहिजेत. ते बाण दुसऱ्या जिवाच्या अंगात गेले तर त्यालाही तसाच त्रास झाला पाहिजे. आणि बाण काढून टाकले की रोग्याला उतार पडला पाहिजे.

असे तिन्ही पुरावे एका दुसऱ्या आजारात मिळाले आहेत. त्याचे नाव मायस्थेनिया. त्यात पापण्या मिटू लागतात, घास चावता चावता जबडा थकतो, काम करावे तसे स्नायूंचे बळ जाते. अशा रोग्यांच्या रक्तात बाण सापडले. १९७५ साली ते बाण उंदरांना टोचले, तर उंदरांचे स्नायूही दुबळे झाले. निसर्गानेही हाच पुरावा दिला आहे. या आजाराच्या आईला मूल झाले तर काही मुले जन्मतः दुबळी असतात. त्यांना नीट दूध ओढता येत नाही. आईचे बाण नाळेतून त्यांच्या अंगात गेलेले असतात. काही आठवड्यांनी ते बाण संपतात आणि मूल आपोआप सुधारते. बाण काढून टाकले की मोठ्या माणसांनाही उतार पडतो. गुन्हा शाबीत झाला.

एम. ई. मध्ये काय झाले? पहिला पुरावा अर्धामुर्धा मिळाला. बाण काही रोग्यांत सापडले, पण थोडेफार ते निरोगी माणसांतही असतात. सगळ्या प्रयोगशाळांना सारखे उत्तर मिळालेले नाही. तिसऱ्या पुराव्यासाठी नॉर्वे देशात एक मोठी परीक्षा झाली. तिची गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

नॉर्वेची परीक्षा

नॉर्वेत बर्गेन नावाचे शहर आहे. तिथे कर्करोगाचे दोन डॉक्टर काम करत, ओयस्टाइन फ्लूगे आणि ओलाव मेल्ला. त्यांच्याकडे एक रोगी आली. तिला जुना एम. ई. होता आणि वर कर्करोग झाला होता. कर्करोगावर औषध दिले, तर काही महिने तिचा थकवाच उतरला! डॉक्टरांना नवल वाटले. त्या औषधाने बाण करणाऱ्या फौजेवर मारा होतो. म्हणजे थकवा राखणदारामुळे असेल काय?

त्यांनी फौजेतल्या बी-पेशी मारणारे रिटुक्सिमॅब नावाचे औषध निवडले. बी-पेशी म्हणजे बाण करणाऱ्या कारागिरांची नवी भरती. ३० रोगी घेतले. १५ जणांना औषध दिले. १५ जणांना दिसायला तसेच, पण औषध नसलेले पाणी शिरेतून दिले. कोणाला काय दिले हे रोग्यालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही ठाऊक नाही. २०११ साली निकाल आला. औषध मिळालेल्या १५ पैकी १० जणांना उतार पडला. पाणी मिळालेल्या १५ पैकी फक्त २ जणांना पडला.

जगभरच्या रोग्यांना आनंद झाला. कोणीतरी आपले दुखणे खरे मानले, आणि त्यावर औषधही सापडले, असे त्यांना वाटले.

पण ३० माणसे म्हणजे थोडीच. एका वाफ्यातले पीक पाहून साऱ्या शिवाराचा अंदाज करता येत नाही. म्हणून त्याच डॉक्टरांनी १५१ रोग्यांवर पुन्हा परीक्षा केली. २०१९ साली निकाल छापला. औषध मिळालेल्यांत १०० पैकी २६ जणांना उतार पडला होता. आणि साध्या पाण्यावरच्या लोकांत? १०० पैकी ३५ जणांना! औषध हरले.

मग आधीचे १० जण कसे सुधारले? हा आजार आपणहून कमीजास्त होतो. औषध मिळाले या आशेनेही माणसाला काही दिवस बरे वाटते. थोडी माणसे घेतली की असा चकवा होतो. म्हणूनच दोन गट पाडून, मोठी परीक्षा घ्यावी लागते. या डॉक्टरांनी हरल्याचा निकाल लपवला नाही, जसा होता तसा छापला. त्यामुळे हजारो रोगी एका महागड्या आणि धोक्याच्या औषधापासून वाचले.

याचा अर्थ राखणदार सुटला का? तसेही नाही. रिटुक्सिमॅब नव्या भरतीला मारते. पण जुने मुरलेले कारागीर हाडांच्या मगजात ठाण मांडून बसतात आणि बाण करतच राहतात. त्यांना ते औषध लागत नाही. म्हणून त्याच डॉक्टरांनी त्या जुन्या कारागिरांना मारणारे दुसरे औषध १० बायकांना देऊन पाहिले. २०२५ साली त्यांनी कळवले की ६ जणींना चांगला उतार पडला. तिकडे बर्लिनमध्येही १० रोग्यांचे रक्त यंत्रातून गाळून बाण काढले होते. २०१८ साली त्यांनी सांगितले की ७ जणांना लवकरच बरे वाटले, पण फार दिवस टिकले ते थोड्यांनाच. पुन्हा दहा-दहाच माणसे. आणि या वेळी तर पाण्याचा दुसरा गटही नव्हता. एकदा पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. मोठी परीक्षा होईपर्यंत आपणही फुंकूनच प्यावे.

इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये दुसऱ्या बाजूने शोध चालू आहे. माणसाच्या प्रत्येक पेशीत एक आनुवंशिक लिपी असते. आईबापांकडून ती मिळते. एडिंबरो विद्यापीठाने १५,५७९ रोग्यांची ही लिपी तपासली. २०२५ साली त्यांनी सांगितले की रोग्यांच्या लिपीत ८ जागी फरक जास्त दिसतो. त्यांतल्या काही जागा जंतूंशी लढण्याच्या कामाच्या आहेत, काही मज्जासंस्थेच्या. म्हणजे आजाराचे मूळ शरीरात आहे, एवढे दिसते. राखणदार आपल्यावरच उलटला, हे मात्र यावरून ठरत नाही. कदाचित सर्व रोग्यांचे कारण एकच नसेल. काहींचा राखणदार उलटला असेल, काहींचे दुसरेच काही बिघडले असेल.

रोगी बरा होतो का?

आता शेवटचा प्रश्न. याचे उत्तर वयावर पुष्कळ अवलंबून आहे.

मुलांचे बरे असते. ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहरातल्या मुलांच्या रुग्णालयाने ७८४ मुलामुलींची अनेक वर्षे विचारपूस केली. २०१९ साली त्यांनी सांगितले की १० वर्षांनंतर १०० पैकी ६८ जण 'आम्ही बरे झालो' म्हणत होते. मोठ्या माणसांचे कठीण. अनेक पाहण्या एकत्र करून २००५ साली हिशेब मांडला. पूर्ण बरे होणारे १०० पैकी ५ च्या आसपास निघाले. पण काही अंशी सुधारलेले ४० च्या आसपास होते. म्हणजे आशा सोडू नये आणि घाईही करू नये.

आजार मुळापासून घालवील असे औषध अजून नाही. दुखणे, झोप न येणे, घेरी यांवर डॉक्टर औषध देतात. बाकी सगळे आपल्या वागण्यावर आहे.

पूर्वी डॉक्टर सांगत, "रोज थोडी थोडी मेहनत वाढवा." पुष्कळ रोगी म्हणत, "यानं आम्ही जास्तच खचतो." इंग्लंडच्या सरकारी आरोग्य संस्थेने २००७ साली अशी मेहनत वाढवण्याचा सल्ला दिला होता. २०२१ सालच्या ऑक्टोबरात तिने तो काढून टाकला. आता ती सांगते, ताकदीच्या हद्दीत राहा.

हे विहिरीवरून समजेल. विहिरीला झरा बारीक आहे. दिवसाला दहा घागरी पाणी पाझरते. तुम्ही आठ घागरी उपसल्या तर विहिरीत पाणी राहते. एखाद्या दिवशी वीस उपसल्या तर तळाचा गाळ वर येतो आणि पुढचे चार दिवस घागर बुडत नाही. एम. ई. च्या रोग्याच्या अंगाचा झरा असाच बारीक झालेला असतो. त्याने आपल्या घागरी मोजाव्यात.

काम तुकड्यांत करावे. भांडी चार घासली की बसावे. भाजी बसून चिरावी. थकवा येण्याआधी थांबावे, आल्यावर नव्हे. आज बरे वाटते म्हणून मागचे साचलेले काम एका दिवसात उरकू नये. पाहुण्यांशी बोलणे, बाजारात जाणे, हिशेब करणे, यांतही घागरी खर्च होतात हे विसरू नये. काही दिवस रोज वहीत दोन ओळी लिहाव्यात. काल काय केले? आज कसे वाटते? आठ-पंधरा दिवसांत कळते की आपली हद्द कुठे आहे. लिहायला शिकलेल्या माणसाला हे औषध फुकट आहे.

घरच्यांनी काय करावे?

घरच्यांचे काम रोग्याइतकेच मोठे. सून आजारी असेल तर सासूने म्हणावे, "बाई गं, पड थोडी, चूल मी पाहते." नवऱ्याने पाणी भरावे. रोगी एके दिवशी हसत उठला आणि दुसऱ्या दिवशी पडून राहिला, तर 'काल तर बरा होतास' असे टोचून बोलू नये. आजाराची चालच तशी आहे.

पैसे लुबाडणाऱ्यांपासून सांभाळा. पुष्कळ जण थकवा आला की 'ताकदीची बाटली' लावून घेतात. त्या सलाइनमध्ये बहुधा मीठ, साखर आणि पाणी असते. असल्या बाटलीने हा आजार जात नाही. राखणदाराला दाबून टाकणारी औषधे तर कोणाच्या सांगण्यावरून घेऊच नका. राखणदार झोपला की क्षयासारखे खरे चोर घरात शिरतात. गंडेदोरे, अंगारे यांवर पैसा घालवण्यापेक्षा तोच पैसा दूध-भाजीला लावा.

लक्षात ठेवा

१. थकवा महिनाभर गेला नाही तर दवाखान्यात जा. रक्त, साखर, क्षय, थायरॉइड तपासा.

२. श्रमानंतर एक-दोन दिवसांनी कोसळणे ही एम. ई. ची मोठी खूण आहे.

३. हा शरीराचा आजार आहे. आळस नाही, नाटक नाही, भुताटकी नाही.

४. राखणदार उलटल्यामुळे तो होतो असा संशय आहे. शोध चालू आहे. गुन्हा अजून शाबीत झालेला नाही.

५. मुळावर औषध नाही. घागरी मोजून काम करणे हाच आजचा उत्तम उपाय.

६. मुले बहुतेक बरी होतात. मोठ्यांना हळूहळू उतार पडू शकतो.

७. रोग्यावर विश्वास ठेवा. त्याला पैसा पडत नाही, आणि त्याच्यावाचून दुसरा कोणताही उपाय लागू पडत नाही.